सातारा-सांगलीतून दूरच्या दीर्घिकांचे फोटो: कुठून, कधी, कशाने?

वसनाकाठ
नमस्कार मंडळी. पावसानं उघडीप दिली, दसरा झाला, रात्री आकाश धुतल्यासारखं दिसतंय म्हणून धागा काढतोय. माझ्याकडे कॅननचा साधा क्रॉप सेन्सरवाला डीएसएलआर आहे, किटलेन्स, एक जुनी १३५ एमएमची लेन्स आणि दणकट ट्रायपॉड. चंद्र, आकाशगंगेचा पट्टा, ताऱ्यांच्या रेघा हे सगळं काढून झालंय. आता मला आपल्या आकाशगंगेच्या बाहेर जायचंय, म्हणजे दीर्घिका (आपल्या आकाशगंगेसारखे ताऱ्यांचे दुसरे प्रचंड समूह) टिपायच्यात. देवयानी (अँड्रोमेडा) तर पाहिजेच, पुढे जमेल तशी एम ५१, सोम्ब्रेरो. आमच्या कोरेगाव तालुक्यातल्या गच्चीवरून देवयानीचा धुरकट ठिपका दुर्बिणीतून दिसतो, पण गावात हायमास्ट लागल्यापासून नुसत्या डोळ्यांना दिसेनासा झालाय.

माझा विचार कासला जायचा आहे. उंची बाराशे मीटरच्या आसपास, हवा विरळ, गावं कमी. तुम्ही लोक कुठून काढता? आणि ट्रॅकर (ताऱ्यांबरोबर कॅमेरा हळूहळू फिरवणारं यंत्र) घेतल्याशिवाय काही होतं का? बजेट बेताचं आहे, उगाच महागातलं सुचवू नका.

रातकिडा
जागा धरून ठेवतो. मलाही हेच विचारायचं होतं.

माणदेशी
कास नको. सरळ उलट्या दिशेला, पूर्वेला या. सातारा म्हटलं की लोकांना कास, महाबळेश्वर, ठोसेघर एवढंच आठवतं पण आकाशासाठी आपल्या जिल्ह्याची खरी श्रीमंती माण-खटावात आहे. दहिवडीच्या पुढे कुठल्याही माळावर जा, म्हसवडकडे जा, पाऊस कमी त्यामुळं हवेत ओल कमी, ओल कमी म्हणून दव कमी आणि धुकं जवळजवळ नाहीच. घाटमाथ्यावर डिसेंबरात मध्यरात्रीनंतर लेन्सवर दव बसतं, आमच्याकडे पहाटेपर्यंत काच कोरडी राहते. ज्याला आपण आयुष्यभर दुष्काळ दुष्काळ म्हणून रडलो तोच इथं कामाला येतो. नुसत्या डोळ्यांनी देवयानी दिसते, आणि हवा चांगली असली तर लांबट दिसते, ठिपका नाही.

यवतेश्वर घाट
माणदेशी, तुमचा माळ मान्य, पण कासला एवढं सरसकट बाद करू नका. थंडीत खोऱ्यात जो धूर आणि धुळीचा थर साचतो तो पठाराच्या खाली राहतो, वर उभं राहिलं की क्षितिजापर्यंत तारे. जानेवारी-फेब्रुवारीत कोयनेच्या बाजूचं पश्चिमेचं आकाश असं काळं असतं की बोलायला नको.

फक्त वसनाकाठ, एक लक्षात घ्या, कासहून सातारा शहर पूर्वेला येतं. म्हणजे जी काही दीर्घिका उगवते ती आधी शहराच्या उजेडातून वर येते, ती डोक्यावरून पश्चिमेला कलल्यावर खरे फोटो घ्यायचे. आणि राखीव पठारावर रात्री परवानगीशिवाय अजिबात पाऊल टाकू नका, एक तर नियम आहे आणि दुसरं म्हणजे अंधारात ती फुलं पायाखाली जातात. आसपासच्या गावात ओळखीच्या घराच्या अंगणातून काढा. चाळकेवाडीला जाणार असाल तर पवनचक्क्या तिथं उगाच नाही उभ्या केल्या, वाऱ्यानं ट्रायपॉड थरथरतो.

कृष्णाकाठ
सांगलीकरांची व्यथा ऐका. नोव्हेंबरात साखर कारखाने पेटले की चिमणीचा धूर, त्यात रानात पाचट जाळतात, त्यात नदीचं धुकं. मिरजेपासून विट्यापर्यंत रात्री आकाश राखाडी. देवयानी काढायचा सगळ्यात चांगला काळ आणि गाळप हंगाम एकाच वेळी येतात हो. आम्ही दंडोबाच्या पलीकडे जातो, कवठेमहांकाळ ओलांडलं की फरक कळतो आणि जत तालुक्यात तर खरंच अंधार आहे.

पाचुंदा
लक्ष्मीपूजनाची अमावस्या धरू नका कुणी. फटाक्यांचा धूर दोन-चार दिवस हलत नाही. त्याच्या पुढची, कार्तिक अमावस्या धरा.

ब्रह्महृदय
मूळ प्रश्नातल्या ट्रॅकरकडे येतो कारण तिथं बरेच जण उगाच अडून बसतात.

ट्रॅकर नसतानाही देवयानी निघते. एम ३१ ची, म्हणजे देवयानीची, लांबी आकाशात तीन अंशांच्या आसपास आहे, म्हणजे सहा पूर्ण चंद्र एका ओळीत. आपल्याला ती छोटी वाटते कारण नुसता मधला उजळ गाभाच दिसतो. तुमची १३५ ची लेन्स क्रॉप कॅमेऱ्यावर रुंदीला साडेनऊ अंश पकडते, म्हणजे फ्रेमचा तिसरा हिस्सा देवयानी व्यापणार. याहून मोठी लेन्स लागतच नाही.

आता अडचण पृथ्वी फिरण्याची. तारे रेघाळण्याआधी किती सेकंद मिळतात हे काढायला ५०० ला फोकल लेंथनं आणि क्रॉपच्या १.६ नं भागा, सव्वादोन सेकंद येतात. म्हणून दोन सेकंदांचे फोटो, आयएसओ १६०० किंवा ३२००, लेन्स एक स्टॉप बंद, रॉ मध्ये, इंटरव्हलोमीटर (आपोआप एकामागून एक फोटो घेणारा रिमोट) लावून एक हजार. हजार गुणिले दोन म्हणजे तेहतीस मिनिटांचा प्रकाश जमा झाला. दर दहा मिनिटांनी फ्रेम परत मधे आणायची, कारण तेवढ्या वेळात ती जवळजवळ दोन अंश सरकते. मग हे सगळे फोटो डीप स्काय स्टॅकर किंवा सिरिलमध्ये एकावर एक रचायचे, दोन्ही फुकट आहेत. शंभर फोटो रचले की प्रकाश शंभर पट होतो पण दाणे (नॉईज) दहाच पट वाढतात, त्यामुळं चित्र दहा पट स्वच्छ होतं. म्हणून चार पट वेळ दिला तर दुप्पट सुधारणा, असं हे वर्गमुळाचं गणित आहे आणि त्याला पळवाट नाही.

सोबत डार्क फ्रेम घ्या, लेन्सला टोपण लावून तेवढ्याच सेकंदांचे तीसेक, म्हणजे सेन्सरचे स्वतःचे डाग वजा करता येतात. फ्लॅट फ्रेम तर सोडूच नका, पहाटे उजळलेल्या आकाशाकडे लेन्स धरून वर पांढरा सुती कपडा ताणायचा. दीर्घिकेचे बाहेरचे हात इतके अंधुक असतात की लेन्सच्या कोपऱ्यातला अंधार आणि सेन्सरवरची धूळ त्यांच्यापेक्षा ठळक येते.

फोकस ब्रह्महृदय या ठळक ताऱ्यावर करा, लाइव्ह व्ह्यू दहा पट मोठा करून, आणि मग रिंगवर टेप चिकटवा. (नाव काय उगाच घेतलेलं नाही मी.)

रातकिडा
एवढं सगळं फुकट सांगितलं, तुमच्या मुखात साखर. आता पुढची पायरी पण सांगा, ट्रॅकर घेतलाच तर?

ब्रह्महृदय
तर ध्रुव दिसेल अशी जागा बघा. आपल्याकडे ध्रुवतारा क्षितिजापासून साडेसतरा अंशांवरच आहे, उत्तरेला डोंगर, आंब्याचं झाड किंवा शेजारचा दुमजली बंगला असला की तो गेलाच. आणि ध्रुवसुद्धा नेमका ध्रुवबिंदूवर नाही, अर्ध्या अंशाहून थोड्या जास्त अंतरावरून त्याच्याभोवती फिरतो, पोलर स्कोपमध्ये (ट्रॅकरवरच्या छोट्या दुर्बिणीत) तो घड्याळाच्या ठरावीक जागेवर ठेवायचा असतो. हे एकदा हाताला बसलं की त्याच १३५ वर एक-दीड मिनिटाचे फोटो आरामात येतात.

पण एम ५१ चा विषय वेगळा. तिचा आकार ११ कला (एका अंशाच्या साठ कला), चंद्राच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडी मोठी. १३५ वर ती किडुकमिडुक दिसेल. तिच्यासाठी निदान ५०० एमएम आणि वजन पेलणारा माउंट लागतो. मोठ्या दीर्घिका आधी, एवढंच म्हणेन: एम ३१, मग एम ३३.

सरळमार्गी
सगळ्यांची मेहनत मान्य करून विचारतो, राग नको. हे फोटो खरे असतात का? डोळ्यांना करडा ठिपका दिसतो आणि फोटोत निळं-गुलाबी-सोनेरी. आणि हबल दुर्बिणीचे फोटो घरबसल्या फुकट बघायला मिळतात, मग थंडीत कुडकुडत त्याहून वाईट फोटो काढायचा कशाला?

चित्रा
सरळमार्गी, प्रश्न चांगला आहे, मी शाळेत शिकवते आणि मुलं हेच विचारतात. अंधारात आपल्या डोळ्यांतल्या ज्या पेशी काम करतात त्यांना रंग कळतच नाही. रंग तिथं असतो, आपल्याला दिसत नसतो. गाभा पिवळसर कारण तिथले तारे म्हातारे, हात निळसर कारण तिथं तरुण तापलेले तारे, आणि गुलाबी ठिपके म्हणजे हायड्रोजनचे ढग, जिथं नवे तारे जन्मतायत. कॅमेरा नुसता जास्त वेळ बघत राहतो. फोटो उजळवताना आपण सेन्सरवर आलेलाच प्रकाश दिसण्याजोगा करतो.

जे नवीन एआय वाले प्रोग्रॅम धुरकट भागात स्वतःच्या मनानं बारकावे भरतात ते मला पटत नाहीत. तिथं तुमचा संशय रास्त आहे.

हबलच्या फोटोबद्दल म्हणाल तर माझं म्हणणं वेगळं आहे. १९२० पर्यंत मोठमोठे खगोलशास्त्रज्ञ भांडत होते की देवयानी आपल्याच आकाशगंगेतला ढग आहे की बाहेरचं वेगळं विश्व. १९२३ मध्ये एडविन हबलनं माउंट विल्सनच्या शंभर इंची दुर्बिणीनं काढलेल्या काचेच्या प्लेटवर तिच्यातला एक रूपविकारी (तेज कमी-जास्त होणारा) तारा ओळखला आणि त्यावरून अंतर काढलं. त्याचा आकडा नऊ लाख प्रकाशवर्षांचा आला, आज आपण पंचवीस लाख मानतो, पण ती बाहेरची आहे हे पक्कं झालं. ज्या वस्तूवरून माणसाला विश्वाचा आकार कळायला लागला ती वस्तू दहावीतली पोरगी आपल्या गावच्या माळावरून स्वतः टिपते, तेव्हा तो फोटो हबल दुर्बिणीच्या फोटोपेक्षा वाईट आहे का चांगला हा प्रश्नच तिला पडत नाही. मी हे पाहिलंय.

माणदेशी
चित्राताई, एक नंबर!

ब्रह्महृदय
शिवाय हौशी लोकांच्या हाताला नवीन काही लागतच नाही असंही नाही. देवयानीचे फोटो शंभर-सव्वाशे वर्षं निघतायत ना, तरी तिच्या शेजारी ऑक्सिजनची एक भलीमोठी निळी कमान आहे हे २०२३ च्या जानेवारीत प्रसिद्ध झालं, आणि पकडली कुणी तर फ्रान्स-जर्मनीच्या हौशी लोकांनी, ऑक्सिजनचा फिल्टर लावून शंभराहून जास्त तासांचा प्रकाश गोळा करून. मोठ्या दुर्बिणी एवढा रुंद तुकडा एका वेळी बघतच नाहीत. त्याच वर्षी १९ मे ला सप्तर्षींच्या शेपटीजवळच्या एम १०१ मध्ये तारा फुटलेला पहिल्यांदा दिसला तो जपानच्या इतागाकी या हौशी निरीक्षकाला. तुमच्या कालच्या आणि आजच्या फोटोत एक ठिपका जास्त असू शकतो, हबल काय रोज एम १०१ कडे बघत बसलेली नसते.

सरळमार्गी
हे माहीत नव्हतं. पटलं. कमानीचा फोटो शोधून बघतो.

गुऱ्हाळवाला
अमावस्येची रात्र, ओसाड माळ, तीन पायांवर काळी नळी, तांबडी बॅटरी आणि चार माणसं कुजबुजतायत. गाव म्हणणार गुप्तधन काढायला आली मंडळी. सरपंचांना आधी सांगून ठेवा आणि एक फोटो प्रिंट करून खिशात बाळगा.

माणदेशी
हसण्यावारी नेऊ नका, खरंच सांगून जावं. बरं, सांगितलं की गाव चहा पण पाजतं आणि पोरं रांग लावून बघायला येतात. रात्रीची शेतीची लाईट असते तेव्हा पाणी द्यायला माणसं रानात जागीच असतात, त्यांच्या बॅटरीचा झोत कॅमेऱ्यावर येणार, त्यांना कसली मनाई करणार आपण. ते पोटापाण्याचं आहे.

वारणेचं पोर
शिराळा, कराड बाजूच्यांनी उसाच्या फडाला लागून बसू नये, बिबट्या आहे. उघडा माळच बरा.

सीस्टारधारी
माझ्याकडे सीस्टार एस ५० आहे. पन्नास मिलिमीटरची छोटी स्मार्ट दुर्बीण, फोनवर नाव निवडलं की स्वतः शोधते, स्वतः फोटो घेऊन रचत जाते. साताऱ्यातल्या फ्लॅटच्या गच्चीवरून एम ५१ चे हात स्पष्ट आलेत, तिच्या शेपटीला लटकलेली छोटी दीर्घिका सुद्धा. देवयानी मात्र तिच्या चौकटीत एका वेळी मावत नाही, मोझॅक करावं लागतं, म्हणजे तुकडे काढून जोडावे लागतात. वसनाकाठ, कॅमेरा-लेन्स-ट्रॅकर-गायडर असा पसारा जमवण्यापेक्षा हे सरळ नाही का?

पाचुंदा
म्हणजे कुकरचा भात. शिटी झाली की ताट वाढा 😄

सीस्टारधारी
कुकरचा असला तरी भातच आहे ना. माझी नोकरी शिफ्टची, पाठीचा त्रास, दहा किलोचा माउंट उचलून माळावर नेणं मला शक्य नाही. तिच्यामुळं मी आकाश बघायला लागलो.

ब्रह्महृदय
अगदी बरोबर, आणि गच्चीवरून एवढं येतंय तर तीच दुर्बीण एकदा जतला नेऊन बघा, तेवढ्याच वेळात दुपटीहून चांगलं चित्र मिळेल. दीर्घिकांना अंधार लागतो, दुसरी तडजोड चालत नाही. तेजोमेघांना ड्युअल बँड फिल्टर लावून शहरातून काम भागतं कारण ते ठरावीक रंगांतच चमकतात. दीर्घिकेचा प्रकाश म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा मिळून सगळ्या रंगांचा प्रकाश, आणि आताचे पांढरे एलईडी पण सगळ्याच रंगांत. फिल्टर वेगळं काय काढणार? म्हणून जो पैसा फिल्टरवर घालणार तो पेट्रोलवर घाला असं माझं नवीन लोकांना कळकळीचं सांगणं असतं.

कृष्णाकाठ
हे सोन्याचं वाक्य आहे. मी दुकानदाराच्या सांगण्यावरून लाइट पोल्युशन फिल्टर घ्यायच्या बेतात होतो, वाचलो.

भूगोलाचा मास्तर
जरा वाट वाकडी करतो. कासचा काळा दगड, आपला सगळा सह्याद्री, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. देवयानीचा प्रकाश निघाला तेव्हा तो दगड कधीच थंड होऊन जुनाट झाला होता. कन्या राशीतल्या गुच्छातली एम ८७, जिच्या कृष्णविवराचं चित्र २०१९ मध्ये आलं, साडेपाच कोटी प्रकाशवर्षांच्या आसपास, तीसुद्धा अलीकडची. मग आपला डोंगर तयार होत असतानाचा प्रकाश टिपायचा तर कुठं बघायचं? फोर्नॅक्स गुच्छ, सहा कोटींहून थोडा जास्त, हिशोब जवळपास बसतो. त्यातली एनजीसी १३६५ ही पट्टेरी सर्पिल फार देखणी आहे. डिसेंबरात रात्री साडेदहाच्या सुमाराला दक्षिणेला छत्तीस अंशांवर येते. कुणीतरी कासच्या कातळावर ट्रायपॉड ठेवून तिचा फोटो काढा, मी शाळेच्या भिंतीवर लावतो.

यवतेश्वर घाट
मास्तर, हा फोटो मी काढणार. ५०० ची दुर्बीण आहे माझ्याकडे, कातळ पण राखीव भागाच्या बाहेरचा मिळेल.

रातकिडा
दक्षिणेचा विषय निघालाय तर, मॅगेलनचे ढग (आपल्या आकाशगंगेच्या शेजारच्या दोन छोट्या दीर्घिका) आपल्याकडून दिसतील का?

ब्रह्महृदय
मोठा ढग सांगलीतून जास्तीत जास्त तीन-साडेतीन अंश वर येतो, म्हणजे धुळीतच संपतो. कन्याकुमारीला बारा अंश मिळतात. पण त्यात वाईट वाटून घेऊ नका, नरतुरंग तारकासमूहातली सेंटॉरस ए ही दीर्घिका आपल्याकडे तीस अंशांपर्यंत चढते, आणि लंडनवाल्यांकडे ती उगवतच नाही. एम ८३ बेचाळीस अंशांवर. इंटरनेटवरच्या याद्या युरोप-अमेरिकेच्या आकाशाच्या असतात, त्यात सप्तर्षींकडच्या एम ८१-८२ चं भारी कौतुक, आपल्याकडे त्या उत्तरेला तेवढ्या वर चढत नाहीत. आपली यादी आपण करायला पाहिजे.

द्राक्षबाग
आमच्याकडे ड्रॅगनफ्रूटवाल्या काही बागांत फळ बेमोसमी धरायला रात्रभर दिवे लावतात. टेंभू योजनेचं पाणी आलं, ऊसही सरकतोय पूर्वेला. पाणी आलं त्याचा आनंदच आहे, पिढ्या वाट बघत होत्या. पण अंधार मात्र आटत चाललाय. जे काढायचं ते लवकर काढा.

माणदेशी
पाण्याच्या बदल्यात थोडा अंधार गेला तरी चालेल आम्हाला. पण रस्त्यावरचे दिवे खाली तोंड करून लावले तर दोन्ही जमतं की. ग्रामपंचायतीत मी हा विषय मांडलाय, वर उजेड फेकून विजेचं बिलच वाढतं हे लोकांना लगेच कळतं.

पाचुंदा
देवयानीचा फोटो खानापूरच्या शुकाचार्यच्या डोंगरावरून काढा. तिचा बाप शुक्राचार्य, हा शुकाचार्य, नाव तरी जवळपास बापाचंच!

चित्रा
आणि वर शर्मिष्ठा पण शेजारीच असते आकाशात, भांडण चालूच. पण कामाचं सांगायचं तर तीच खूण आहे नवीन लोकांना. शर्मिष्ठेच्या एम आकाराचं जास्त टोकदार टोक बाणासारखं धरलं की ते देवयानीकडे बोट दाखवतं. माझी मुलं आता दोन मिनिटांत शोधतात.

वसनाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. कासचा बेत फेब्रुवारीसाठी ठेवतो, आत्ता पूर्वेलाच जातो. ट्रॅकर घेत नाही, १३५ वर दोन सेकंदांचे हजार फोटो, कार्तिक अमावस्येला, माणदेशींच्या माळावर. एकच राहिलं, त्या रात्री देवयानी नेमकी कधी डोक्यावर?

ब्रह्महृदय
नोव्हेंबरच्या मध्याला साडेनऊच्या सुमारास सगळ्यात वर, सहासष्ट अंशांवर. नंतर दर पंधरवड्याला तास-तास लवकर. म्हणजे अंधार पडल्यापडल्या सुरू करा, बारापर्यंत मोकळे. मग तोंड वळवून एम ३३ घ्या.

माणदेशी
या. जेवण आमच्याकडे, भाकरी-ठेचा. येण्याआधी दोन दिवस कळवा म्हणजे वस्तीवरचा बाहेरचा दिवा बंद ठेवायला सांगतो.

कृष्णाकाठ
सांगलीहून मी निघतोय, विट्यावरून येईन. गाडीत दोन जागा आहेत, कोण?

रातकिडा
एक माझी. तासगाव फाट्याला थांबतो.